कुणाच्या नादानं?

या दिवाळीत गावी, म्हणजे वडूजला गेलो होतो. पाडव्याच्या सकाळी फराळाला बसलो असताना थोरल्या काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तू म्हणं सरकारच नको म्हणतोस? कुणाच्या नादानं बिघडलास रं?" सगळे हसले. मीही हसलो आणि चिवड्याचा बोकणा भरून विषय टाळला. पण परतीच्या एसटीत प्रश्न डोक्यातून जाईना. माणूस एखाद्या मतापर्यंत पोचतो तो कुणाच्या तरी नादानंच. मग माझ्या बाबतीत ते कोण? काका, हे तुमच्यासाठी. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

आधी मत काय ते सांगतो. त्याचं लांबलचक नाव ॲनार्को-कॅपिटॅलिझम. मराठीत 'अराज्यवाद' म्हणावं तर लोकांना 'अराजक' ऐकू येतं. थोडक्यात असं की माणसाचं शरीर, त्याची कमाई आणि त्याने राजीखुशीने केलेला करार यांत जबरदस्तीने हात घालायचा हक्क कुणालाच नाही, सरकारलाही नाही. रस्ते-शाळाच काय, पोलीस आणि कोर्टसुद्धा लोकांना आपापसांत, पैसे मोजून, एकापेक्षा जास्त ठिकाणांहून घेता आले पाहिजेत. टोकाचं आहे, मान्य.

पुस्तकांचा हिशेब लवकर उरकतो. २००४ च्या सुमारास पुण्यात नोकरी करत असताना एका सहकाऱ्याने मरे रॉथबार्डचं 'फॉर अ न्यू लिबर्टी' (१९७३) वाचायला दिलं. फुकट पीडीएफ होती, ऑफिसच्या प्रिंटरवर छापली (हा चोरीचाच प्रकार, आता कबूल करतो). त्यामागोमाग डेव्हिड फ्रीडमन वाचला. मग मागे मागे जात १८४९ सालचा एक निबंध हाती लागला, गुस्ताव्ह द मोलिनारी नावाच्या अर्थतज्ज्ञाचा. बाकी सगळ्या वस्तू स्पर्धेत स्वस्त आणि चांगल्या होतात, मग संरक्षण हीच वस्तू मक्तेदारीत का, असा त्याचा साधा सवाल. त्याच्या पॅरिसमधल्या मित्रांनाही तो झेपला नाही. मुक्त व्यापाराचा एवढा कैवारी बास्तिया, तोसुद्धा इथे मागे सरला.

गंमत अशी की हे वाचताना नवं काही शिकतोय असं मला वाटतच नव्हतं. ओळखीचं कुणीतरी परगावी भेटावं तसं वाटत होतं. ते ओळखीचं कोण, हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

आमच्या खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या लोकांना गलाई काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. सोनाराकडचं जुनं, मिसळीचं सोनं मुशीत वितळवायचं, त्यात चांदी घालायची, ॲसिडमध्ये टाकून चांदी-तांबं विरघळवायचं, मागे उरतं ते शुद्ध सोनं. येरळेला वर्षातले कितीतरी महिने पाणी नसायचं, शेती बेभरवशाची. मग चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं कुणा चुलत्या-मामाच्या दुकानात कामाला जायचं. भट्टी शिकायचं, दहा वर्षांनी स्वतःचं दुकान टाकायचं आणि गावाकडची आणखी दोन पोरं बोलावून घ्यायचं. असं करत ही माणसं देशभर पसरली. तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये कुठेही सराफकट्ट्यात जा, विट्याकडचं नाहीतर आमच्याकडचं कुणीतरी भेटतंच. भांडवल कुठल्या बँकेने दिलं नव्हतं, कुठल्या योजनेतही ही माणसं नव्हती.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान कोइमतूरला होतं. शाळेला सुटी लागली की मी तिथे. सोनार येई, कागदाच्या पुडीत सोनं देई आणि निघून जाई. पावती नाही, साक्षीदार नाही. संध्याकाळी येऊन शुद्ध सोनं घेऊन जाई. कधी टंचावरून, म्हणजे शुद्धतेच्या आकड्यावरून, वाद होई. मग ते सोनं तिसऱ्याच गलाईवाल्याकडे पाठवायचं. तो सांगेल तो टंच दोघांनी मान्य करायचा. न मानणाऱ्याकडे दुसऱ्या दिवसापासून कुणी सोनं पाठवत नसे. गलाईवाल्यांच्या आपसातल्या भानगडी राहत त्या गावच्या जत्रेला सगळे जमल्यावर थोरल्या माणसांसमोर मिटत. तमीळ येत नसलेला, सातवी पास माणूस परक्या मुलखात रोज लाखाचा माल हाताळत होता आणि त्याने उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी पाहिली नाही. रॉथबार्ड वाचताना मला जे ओळखीचं वाटत होतं ते हे.

या धंद्याशी सरकारची गाठ पडली ती मात्र फार वाईट पडली. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही असा नियम झाला. १४ कॅरेट म्हणजे शंभर भागांत ५८ भाग सोनं! ज्याची सगळी विद्या सोनं शुद्ध करण्याची, त्याच्या देशात शुद्ध सोन्याचा दागिना घडवणंच गुन्हा ठरलं. हजारो सोनार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो थेट १९९० पर्यंत राहिला. साध्या माणसाने सोन्याची लगड घरात ठेवायची नाही, धंदा करणाऱ्याने परवाना घ्यायचा, वह्या दाखवायच्या. लोकांनी सोनं घेणं काही सोडलं नाही, फक्त तस्करांची चांदी झाली. आमच्या दुकानात तपासणीला येणाऱ्या माणसासाठी एक पाकीट तयार असे. अण्णा त्याला हप्ता म्हणत नसत, 'दिवाळी' म्हणत. ही दिवाळी वर्षातून चार वेळा येई. दहा वर्षांचा असताना मी विचारलं होतं, "अण्णा, आपण चोर आहोत का?" त्यांनी भट्टीचा भाता जोरात हलवला, बोलले नाहीत.

तर काका, पहिला नाद घरचाच.

दुसरा शरद जोशींचा. जन्म साताऱ्याचा (१९३५), नोकरी टपाल खात्यात, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत. १९७६ ला सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली आणि शेती तोट्यात का जाते याचा हिशेब स्वतःच्या वहीत मांडला. उत्तर आलं ते असं की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याच्या मालाला भाव मिळू नये अशी व्यवस्थाच सरकारने करून ठेवली आहे. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी. १९७२ पासूनच्या एकाधिकार योजनेत विदर्भाच्या शेतकऱ्याने स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेला तर तो गुन्हा. कॉलेजात असताना होस्टेलवर 'शेतकरी संघटक'चे अंक यायचे. त्यातलं सगळं कळायचं नाही, पण कापसाच्या ठिकाणी सोनं घातलं की लगेच कळायचं.

शरद जोशी अराज्यवादी नव्हते. लहान, आपल्या कामापुरतं सरकार त्यांना चालत होतं. पण सरकार हाच प्रश्न असू शकतो हे मराठीत, धोतर-टोपीतल्या लाखो माणसांसमोर सांगणारे तेच. डावे रागावले, उजवे रागावले, डंकेल प्रस्तावाच्या वेळी तर जवळची माणसंही दुरावली. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकावर राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं, तो १ म्हणजे शरद जोशी. चांदवडला १९८६ मध्ये लाखो शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवणारा, नवऱ्यांना आपली जमीन बायकोच्या नावावर करायला लावणारा हाच माणूस. त्या मताशी मी सहमत आहे की नाही हा भाग निराळा. एकट्याने 'नाही' म्हणायचं धाडस मला त्यांच्यात दिसलं, रॉथबार्डमध्ये ते फक्त छापील होतं.

एक अवांतर. या विचारांचं इंग्रजी मासिक मुंबईत १९५० च्या दशकापासून निघत होतं, 'द इंडियन लिबर्टेरियन'. ते काढणारे रणछोडदास लोटवाला. याच लोटवालांनी १९२० च्या दशकात तरुण कॉम्रेड डांग्यांना पैसा पुरवला होता! एकाच खिशातून आधी लेनिन आणि मग मिझेस. त्याचे जुने अंक आता नेटवर वाचायला मिळतात. आमच्याकडे ते कुणी पाहिले असतील असं वाटत नाही, मीही खूप उशिरा पाहिले.

इथवर सगळं माझ्या सोयीचं आहे. आता गैरसोयीचं.

२००६ च्या मे महिन्यात मी गावी येऊन आजीसमोर हे तत्त्वज्ञान पाजळलं होतं. तिने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग बहात्तरला सुकडी कुनी दिली आमाला?" १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती, नंतर खडी फोडायला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसं अशा सरकारी कामांवर होती. तो दुष्काळ भयंकर होता, पण बंगालसारखे भूकबळी महाराष्ट्रात पडले नाहीत. पुढे जी रोजगार हमी योजना झाली तिचे जनक वि. स. पागे आपल्याच भागातले. मी आजीला सांगू लागलो की सरकारने आधी धान्याच्या व्यापारावर बंधनं घातली नसती तर... ती म्हणाली, "आसंल बाबा," आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेली. माझा युक्तिवाद अजूनही मला बरोबर वाटतो. पण तिच्यासमोर तो पुन्हा करायचं धाडस झालं नाही.

आणि आता पत्रीसरकार. खरं तर लिहायचं होतं ते याच्याबद्दलच.

वडूजच्या कुणालाही ९ सप्टेंबर १९४२ सांगायला नको. परशुराम घार्गे वडगावहून मोर्चा घेऊन इथल्या मामलेदार कचेरीवर आले. गोळीबार झाला, हातात तिरंगा असलेले घार्गे आणि त्यांच्याबरोबरची आणखी माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तसंच. निःशस्त्र मोर्चांचा मार्ग संपला असं त्यानंतर अनेक कार्यकर्त्यांना वाटलं. ते भूमिगत झाले आणि त्यातून १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, सगळा सातारा एकच.

माझ्यासारख्याला पत्रीसरकार म्हणजे पर्वणीच. इंग्रजांचं राज्य कागदोपत्री चालू असताना गावोगाव लोकांनी न्यायदान मंडळं काढली. बांधाची भांडणं, सावकारीची प्रकरणं, नांदवत नसलेल्या बायकांची गाऱ्हाणी तिथे मिटू लागली. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारखा नाहीत. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला. हुंडा-मानपान फाटा देऊन चार आण्यांत गांधी-लग्नं लागली. कुंडलला तुफान सेना उभी राहिली. हे साधारण १९४६ पर्यंत चाललं.

कुंडलच का, यालाही कारण आहे. कुंडल औंध संस्थानात होतं, आणि औंध आमच्या वडूजपासून जवळच. संस्थानाची गावं ब्रिटिश मुलखात विखुरलेली, एका गावातून पलीकडच्या गावात गेलं की हद्द बदलायची आणि ब्रिटिश पोलिसांचे हात बांधले जायचे. त्याच राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९१० मध्ये बेळगावातून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला, तिथे किर्लोस्करवाडी झाली. आणि १९३९ मध्ये तर त्यांनी आपले अधिकारच सोडले. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची धडपड आणि युवराज अप्पासाहेब यांच्यातून औंधची नवी घटना झाली, कारभार गावच्या पाच जणांच्या पंचायतीपर्यंत खाली गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत निघाली, 'दो आंखें बारह हाथ'चं मूळ तिथलं. कारखानदाराला आसरा, भूमिगताला आसरा, कैद्याला उघडं रान. राज्यं लहान आणि शेजारी-शेजारी असली की माणसाला निसटायला फट मिळते. माझ्या मताच्या पुष्टीला इतिहासातून एकच जागा निवडायची झाली तर मी आइसलँडला जाणार नाही, औंधला जाईन.

पण यातला एकही माणूस माझ्या मताचा नव्हता. औंधचे राजे गांधींच्या वाटेचे. नाना पाटील पुढे शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून खासदार झाले. येरळेवरच खाली बलवडीला लोकांनी वाळूच्या पैशातून स्वतः बळीराजा धरण बांधलं, तेही मुक्ती संघर्षवाल्या डाव्या मंडळींच्या पुढाकाराने, आणि त्यांनी पाण्याचा वाटा भूमिहीनालाही दिला. सरकारशिवाय जगून दाखवलं ते सगळं दुसऱ्यांच्या झेंड्याखाली, आणि मी आयतं उचलून माझ्या पोतडीत घालतोय. वडूजचा मोर्चासुद्धा कचेरीवर झेंडा लावायला निघाला होता, कचेरी बंद करायला नव्हे.

आणि सरकार नव्हतं तिथे काय होतं, याचा आणखी एक हिशेब आहे. मराठेशाहीत गोतसभा निवाडा करी. दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत, जामीन देत, गावात न्याय होणार नाही असं वाटलं तर परस्थळी वाद नेता येई. मोलिनारी नाचला असता! पण निवाडा पाळायला लावायचा कसा? वाळीत टाकून. रॉथबार्डच्या पुस्तकात बहिष्कार हे अगदी निरुपद्रवी, अहिंसक हत्यार आहे, ज्याच्याशी व्यवहार नको त्याच्याशी करू नये, बस. कोइमतूरच्या सराफकट्ट्यात ते मी चालताना पाहिलं, आणि तिथे वाळीत पडलेला सोनार शेजारच्या गावी जाऊ शकत होता. पण विहीर एक, दुकान एक, सोयरीक एकाच जातीत अशा गावात बहिष्कार म्हणजे गळफास. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गुणगानाची जी चिरफाड केली, ती पुस्तकं वाचून केलेली नव्हती. महार वतनाविरुद्ध ते १९२८ पासून लढत होते. त्या वतनाची सक्ती सरकारदरबारीच नोंदलेली होती हे मी लगेच दाखवून देतो, आणि ते खरंही आहे. पण सरकारी नोंद फाडली असती तर गावाने सोडलं असतं का, याला माझ्याकडे उत्तर नाही. जातपंचायतींविरुद्ध दाभोलकरांची साताऱ्याची माणसं लढली, २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. माझ्या तत्त्वाप्रमाणे मी त्याला विरोध करायला हवा. मी केला नाही.

शेवटी आजोबांचं. काका, हे तुम्हाला बहुतेक माहीत नाही.

आजोबा पत्रीसरकारच्या न्यायदान मंडळात पंच होते. मी पत्रीसरकारबद्दल विचारलं की खुलून बोलायचे, रात्रीच्या बैठका, ज्वारीच्या ताटांत लपून काढलेले दिवस. 'पत्री' मारणे म्हणजे पायाला नाल ठोकणे असं लोक सांगतात, प्रत्यक्षात बहुतेक वेळा तळपायांवर काठ्या मारत. १९९६ मध्ये, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, एका रात्री त्यांनी आपण होऊन सांगितलं. एका माणसावर फितुरीचा संशय होता. पोलिसांना बातमी दिली म्हणून. मंडळ बसलं, अर्ध्या तासात निकाल झाला. मारणारे दुसरे होते, पाय आजोबांनी धरले होते. दोन वर्षांनी कळलं की बातमी भलत्यानेच दिली होती. तो माणूस जन्मभर लंगडत चालला.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. विचारलं, "आजोबा, त्याला अपील करायला कुणी नव्हतं?"

"आपील?" ते म्हणाले. "आरं, कुनाकडं करनार? आमीच सरकार हुतो."

पुढे नॉझिकचं पुस्तक वाचलं, त्यात तो म्हणतो की संरक्षण विकणाऱ्या संस्था कितीही असू द्या, त्यांतली एक हळूहळू सगळ्यांवर बसते आणि तिचं राज्य होतं. अराज्यवाद्यांनी त्याला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. मलाही ती तोंडपाठ आहेत. पण वाचताना मला ती खाट आठवत होती. लोकांनी इंग्रजांना नाकारून स्वतःचं काहीतरी केलं, आणि त्याला नाव दिलं तेही सरकारच.

तरीही मी मत बदललेलं नाही. अपील नसलेलं सरकार चार खेड्यांचं असलं तर एक माणूस लंगडा होतो, देशभराचं असलं की चौदा कॅरेट होतं, असं मी स्वतःला सांगतो. रात्री तीनला जाग आली तर हे पुरत नाही.

तो माणूस लहानपणी मी पाहिला असणार. दर पाडव्याला एक म्हातारा आमच्या सोप्यात येऊन बसायचा, आजोबा उठून उभे राहायचे आणि स्वतः आत जाऊन त्याचं ताट आणायचे. गावात ते दुसऱ्या कुणासाठी उठल्याचं मला आठवत नाही. त्याच्याशी फारसं बोलायचेही नाहीत. त्याची मुलं गलाईलाच कुठेतरी दूर गेली एवढं ऐकून आहे. घरातल्या कुणाला त्याच्याबद्दल आणखी माहीत असेल तर मला फोन करा. नाव इथे लिहू नका.